माझ्यासमोरच बंद पडणारा रेडिओ

रेडिओ कायमचा बिघडला असता तर मला चाललं असतं. बिघडलेली वस्तू माळ्यावर टाकता येते. हा मात्र चालायचा आणि मध्येच थांबायचा. बातम्या सांगणारा माणूस अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा. समोरचा हिरवा दिवा तसाच जळत राहायचा, बटणं फिरायची, पण आवाज नाही. कधी पाऊण तासानं आपोआप सुरू व्हायचा, कधी दुसऱ्या दिवशी. कोणत्या वेळी थांबेल याचा काही नेम नव्हता.

आमचे मालक चिखलीला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. रेडिओ त्यांनीच घेतला होता, लाकडी पेटीचा, मोठा. ते बोलायचे कमी आणि रेडिओ ऐकायचे फार. एका पावसाळ्यात तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर होतं आणि हंगामात मला जिनिंगमध्येच कापूस निवडायचं काम होतं, त्यामुळे पोटाची अडचण नव्हती. अडचण संध्याकाळची होती. काम सुटलं की घरी यायचं, दिवा लावायचा, एका माणसाची भाकर टाकायची. भाकर टाकायला कितीसा वेळ लागतो? त्यानंतर झोपेपर्यंत घरात माझ्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या, कारण त्या हातात नव्हत्या.

संक्रांतीपर्यंत मी रेडिओला हात लावला नाही. लोक काय म्हणतील हे एक, आणि इच्छाही नव्हती. संक्रांतीला उंद्रीहून धाकटा दीर आणि जाऊ आले. जावेनं रेडिओसाठी खोळ शिवून आणली होती. आमच्याकडं तेव्हा घरातल्या प्रत्येक चांगल्या वस्तूला कपडा घालायची रीत होती. शिलाईच्या मशीनला, ट्रंकेला, आरशाला, पाण्याच्या तांब्यालासुद्धा. उघडी वस्तू म्हणजे बाईचं घराकडं लक्ष नाही. जावेची खोळ दोसुतीची, आतून जाड अस्तर, वर पोपट भरलेला. समोरून बटणांपुरती आणि आवाजापुरती उघडी, मागून नाडीनं बांधायची. मी म्हटलं, छान झाली. छानच झाली होती.

ते गेल्यावर मी खोळ चढवली आणि त्या संध्याकाळी रेडिओ लावला. नागपूर लागलं. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "काऊन वं, साल नाही झालं अन् गाणे सुरू?"

मी म्हटलं, "बातम्या आहेत. गाणे लागले की सांगते, ऐकायले ये."

थंडीत तो कधीमधी थांबायचा. मी लक्ष दिलं नाही. होळी झाल्यावर मात्र बहुतेक रोज थांबायला लागला. मी वरून थाप मारली, पिन काढून पुन्हा लावली, छपराच्या कवेलूंवर ताणलेली एरियलची जाळी झटकली. काही उपयोग नाही. मी चौथी शिकलेली. रेडिओच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, आजही नाही.

मग खोळ काढून घडी करून ठेवली, रेडिओ जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधला आणि डोक्यावर घेऊन बाजारातल्या रेडिओवाल्याकडं नेला. त्यानं लावला. चालला. दुपारभर चालला.

"बाई, हा तं चालून राह्यला."

"घरी चालत नाही."

"घरी काय करता त्याले?"

"काय करणार? ऐकते."

दुकानात बसलेले रिकामे लोक हसले. एकजण म्हणाला, "घरी बाईचा धाक वाटत असंल त्याले." मी रेडिओ उचलून घरी आणला, जागेवर ठेवला, खोळ घातली, लावला. भाकर तव्यावर असतानाच तो गप्प झाला.

असंच पुन्हा झालं. दुकानात चालायचा, घरी थांबायचा. शेजारणीकडं नेऊन लावला तर तिच्याकडंही चालला. तिनं डोळे मोठे केले. म्हणाली, "तुह्या घरातच काही आहे वं. त्याइचा जीव अडकला असंल त्या डब्ब्यात. तुले बोलावून राह्यले."

मी म्हटलं, "जिवंत असताना चार शब्द बोलत नव्हते. आता बोलवायचं असतं तर रेडिओ बंद कशाला करतील? ऐकत बसले असते."

तिनं तरी माझ्या दारावर लिंबू-मिरची टांगलीच. रेडिओ थांबायचा थांबला नाही.

शेजारणीकडं चालतो म्हणजे माझ्या घरच्या विजेत खोट, असं धरून वायरमन बोलावला. त्यानं बटण बदललं, एक तार बदलली. त्या दिवशी रेडिओ काढून बाजूला ठेवला होता. तपासायला लावला तर चालला. वायरमन गेला, मी सगळं जागच्या जागी केलं, आणि रात्रीच्या जेवणाआधी तो थांबला. आता वायरमनही मला वेडी समजायला लागला. कोणासमोर बंद पडतच नव्हता. सगळ्या चिखलीत तो फक्त माझ्यासमोर बंद पडत होता.

एक माणूस मात्र सापडला ज्यानं तो थांबताना पाहिला. दीर. बाजाराला आला होता, संध्याकाळी माझ्याकडं मुक्कामाला राहिला. जेवताना रेडिओ थांबला. त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "वयनी, हा डब्बा मी गावाकडं घेऊन जातो. आता आमच्याकडंही वीज आली. दादाची वस्तू आहे, ओसरीवर राहीन, चार लोक ऐकतीन. इथं नुसता सडून राह्यला."

"सडत नाही. थांबते."

"तेच ते. तुमच्यानं एक रेडिओ सांभाळणं होत नाही, एकट्या राहाले कशा? तुम्हीही चाला गावाले."

"मी येत नाही, भाऊजी. रेडिओही येत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की माझं भलं कशात आहे ते त्याला कळतं. म्हणाला, "अखाजीले दादाची घागर भराले मी येतोच. तवापर्यंत नीट झाला तं ठेवा. नाही तं गाडीत टाकून नेतो. तवा नाही म्हणायचं नाही."

आमच्याकडं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि ती घरच्या पुरुषानं भरायची असते. तो येणारच होता, आणि बैलगाडी घेऊन येणार होता. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? रेडिओ त्याच्या भावाचा होता. माझा होता असं लिहून कुणी दिलं नव्हतं.

रेडिओ गेला तर काय उरतं ते मला माहीत होतं. संक्रांतीपर्यंत तसंच काढलं होतं.

मी पुन्हा रेडिओवाल्याकडं गेले, या वेळी रिकाम्या हातानं. म्हटलं, "हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग सांगा."

तो हसला नाही. म्हणाला, "बाई, इथं अन् घरी फरक काय आहे ते पाहा. एक एक करून पाहा. एका दिवशी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तं कोणती लागली ते समजत नाही."

हे मला पटलं. भाजी बिघडली तर बाई हेच करते. मीठही बदललं आणि तेलही बदललं तर उद्या कुणाला बोल लावणार? मी पहिल्या दिवशी रेडिओची फळी बदलली. थांबला. दुसऱ्या दिवशी एरियल काढून टाकली. खरखर वाढली, पण थांबला तो थांबलाच. मग पिनची जागा बदलली. थांबला. बदलायला घरात काही राहिलं नाही असं वाटलं.

त्या संध्याकाळी तो थांबला तेव्हा मागं एखादी तार निसटली का ते चाचपावं म्हणून मी नाडी सैल करून खोळीत हात घातला. हात झटकन बाहेर काढला. आत तव्यासारखं तापलं होतं. मागच्या बाजूला भोकाभोकांचा पुठ्ठा असतो, त्यातून गरम वाफ बोटांवर आली. ती भोकं कशाला ठेवली असतील हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. थंडीत विरजणाचं भांडं गोधडीत गुंडाळून ठेवतात, तसं मी त्या पेटीला गुंडाळून बसवलं होतं, आणि वरून चैत्राचं ऊन.

मग सगळं एकदम समजलं. दुकानात नेताना खोळ मळेल म्हणून मी काढून ठेवायची. शेजारणीकडं नेतानाही काढली. वायरमन आला तेव्हाही ती घडी करून बाजूला होती. लोकांसमोर तो उघडा असायचा. खोळ घातलेला फक्त माझ्यासमोर.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. एका संध्याकाळी खोळ काढून लावला, झोपेपर्यंत चालला. दुसऱ्या संध्याकाळी खोळ घालून लावला, थांबला. असं आलटून पालटून केलं, आणि दर वेळी तेच झालं.

अखाजीला दीर-जाऊ आले. दिरानं घागर भरली, वर आंबा ठेवला, नमस्कार केला. पुरणपोळी आणि रस झाला. हात धुताच दीर म्हणाला, "लावा आता तुमचा रेडिओ." बैलगाडीत त्यानं कडबा पसरूनच आणला होता, रेडिओला धक्का लागू नये म्हणून.

मी लावला. जाऊ रेडिओकडं पाहून म्हणाली, "बाई, म्या शिवलेली खोळ काऊन काढली?"

"तिच्यामुळंच थांबत होता."

"कपड्यानं कुठं रेडिओ थांबते?"

"हवा लागत नव्हती. आत भट्टी होत होती."

"दोन महिने डोळे फोडून पोपट भरला म्या. तुमच्या डब्ब्यापायी माहा दोष?"

"तुझा दोष नाही. खोळ जाड आहे एवढंच."

गोड बोलायला हवं होतं असं नंतर बऱ्याच जणींनी मला सांगितलं. खोळ जाड होती, मी जाड म्हटलं. जाऊ तोंड फिरवून बसली. दीर रेडिओसमोर मांडी घालून बसला आणि तो थांबायची वाट पाहत राहिला. बातम्या झाल्या, भजनं झाली, शेतीचं बोलणं झालं. ऊन उतरलं. रेडिओ थांबला नाही. दीर शेवटी उठला, बैल जुंपले आणि म्हणाला, "ठेवा मंग." कडबा बैलांसमोर टाकला आणि ते गेले.

त्यानंतर जाऊ माझ्याकडं वर्षभर आली नाही. दीर बाजाराला आला तर परस्पर निघून जायचा. शेजारीण आधी रोज भिंतीवरून विचारायची, "आज चालला का वं?" तिनंही विचारणं सोडलं. विचारायचं काय, तो चालतच होता. रेडिओवाला रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, तेवढंच.

रेडिओ मग बरीच वर्षं चालला. संध्याकाळी बाजारभाव सांगायचे. सरकीचा, कापसाचा, ज्वारीचा. मी चुलीपाशी बसून प्रत्येक भावाला होकार द्यावा तसं "हाव" म्हणायची. मला विकायचं काहीच नव्हतं. पण दिवसभरातून घरात बोललेला माझा शब्द तोच असायचा.