बैलजोडीनं मोजलेलं एकर

लोह्याजवळच्या एका गावात ग्यानोबाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कुणाचा बांध सरकला, कुणाची वाट अडली, की लोक म्हणत, ग्यानोबाला विचारा. चाळीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाशी वाटणी झाली, तेव्हाही साखळी की टेप कुणी आणली नाही. वडिलांचं दोन एकर मुरमाड रान. ग्यानोबाची बैलजोडी दिवसभरात नांगरील तेवढं धाकट्याचं एकर, उरलेलं थोरल्याचं, असं ठरलं. आणि नांगर धरला थोरल्यानंच. आता बोला!

धाकटा जाऊन सहा वर्षं झाली. यंदा त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, वेगळ्या सातबाऱ्यासाठी सरकारी मोजणी आणली. तिच्याकडं चौतीस गुंठे निघाले, ग्यानोबाकडं शेहेचाळीस. कोंडाबाईनं मोजणीचा कागद घडी घालून ठेवून दिला. ग्यानोबाचा मात्र चेहरा उतरला.

नात विशाखा लातूरला शेतकी शिकते. तिला आजोबाची उलघाल बघवेना.

"आबा, एकर हा इंग्रजांचा शब्द हाय. आधी त्याचा अर्थ नुसता रान. मग बैलजोडीनं एका दिवसात नांगरलेल्या रानाला ते एकर म्हणाया लागले. गुंठ्याचा हिशोब लई मागून आला. तुमचे बैल हळू चालले असतील, पण माप खरंच व्हतं."

पोरीनं धीर द्यावा म्हणून सांगितलं, पण म्हातारा पार खचला.

"दिवस पुरा भरला तर माप खरं," तो म्हणाला. "मावळतीला दिवस अजून कासराभर वर व्हता, तवाच म्या जू सोडलं. बैल दमले म्हणून सांगितलं. बैल दमले नव्हते, पोरी. मला लोभ सुटला व्हता."

लबाडी ती लबाडीच, मग ती सख्ख्या भावाशी का असेना. उलट तिथं ती जास्तच जाळते. सकाळी उठून ग्यानोबा कोंडाबाईच्या दारात गेला. ती ज्वारी पाखडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"सहा गुंठे तुझे हायेत. बांध सरकवू."

"मला ठाऊक हाय, दादा," सूप खाली ठेवत ती म्हणाली. "आम्ही दोघं बांधावरच व्हतो. ते बी बघत व्हते."

"मग बोलला का न्हाई त्यो?"

"म्या म्हणलं व्हतं, अजून दिवस हाय. तर ते म्हणले, दादानं जू सोडलं म्हंजे दिवस मावळला."