मावशींचं ताट उचललं तेव्हा

ज्या बाईंनी तीन वर्षं आम्हाला वाढलं, त्यांच्यासमोरचं भरलेलं ताट एका हॉटेलात उचलून नेलं. या गोष्टीला आता काही महिने झाले, पण माझा राग गेलेला नाही. मित्र म्हणतो, सोड आता. मला सोडवत नाही.

मावशींची खानावळ आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत होती. एक खोली, दोन लांब बाकडी, दाराशी पाण्याचं पिंप. कळवण तालुक्यातल्या खेड्यातून मी नाशिकला शिकायला आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कोणीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. गावाला गेलो असतो तर पुन्हा आलो नसतो, शेतात कामाला लागलो असतो. मावशींनी मला जाऊ दिलं नाही. पूर्ण बरा होईपर्यंत त्यांनी माझं बिनतेलाचं वेगळं रांधलं, आणि मी पथ्य मोडू नये म्हणून समोर उभं राहून मला जेवायला लावलं. आज मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो तो त्या वरणभातावर. हे मी वर्गातही सांगतो.

या तीन वर्षांत मावशींना बसून जेवताना मात्र मी पाहिलं नाही. "तुमचं होऊ द्या, मग बसते," एवढंच त्या म्हणायच्या. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांनी खानावळ बंद केली. तेव्हा त्यांच्याकडे जेवलेल्या आम्ही तिघांनी ठरवलं, मावशींना एकदा बसवून जेवू घालायचं. तिघं म्हणजे मी, पाटबंधारे खात्यातला माझा इंजिनिअर मित्र आणि बँकेत असलेली आमची मैत्रीण.

हॉटेल मित्राने निवडलं. गंगापूर रोडला नुकतंच उघडलेलं, सगळीकडे काचा, दारात कारंजं. रविवारी दुपारी जायचं आणि दीडपर्यंतच टेबल मिळणार, असं हॉटेलवाल्यांनी बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं. ते मला तेव्हाच खटकलं होतं. जेवायला बोलावलेल्या माणसाला उठायची वेळ आधी सांगायची, ही कुठली रीत?

मावशी मोरपिशी नऊवारी नेसून आल्या होत्या. एका बशीत भाजलेल्या भाज्यांवर कसलीतरी हिरवी पानं खोवून आणली होती. मावशींनी वेटरला विचारलं, "दादा, ही पानं खायची का बाजूला ठेवायची?"

वेटर हसला. "खायची, मॅम."

"मग धुतली असतील ना?"

आम्ही पोट धरून हसलो. तोवर सगळं छान चाललं होतं.

पदार्थ टेबलाच्या मधोमध आणून ठेवत होते. वेटरने सगळ्यातलं थोडं थोडं वाढून मावशींचं ताट भरलं आणि तो गेला. तो गेल्याबरोबर मावशींनी मोठा चमचा हातात घेतला. आधी मैत्रिणीला, मग मित्राला, मग मला. "मास्तर, तू लय वाळलास. घे." मी म्हटलं, मावशी, आज तुम्ही वाढायचं नाही. "बरं, एवढा घास संपव, मग बसते." त्या बसलेल्याच होत्या, पण जेवत नव्हत्या. आम्हीही मूर्खासारखे खात सुटलो. आम्हाला त्यांच्या हातचं घ्यायची सवय, आणि ती सवय त्या दिवशी आम्हाला आवरली नाही.

आमचं होत आलं, तेव्हा त्यांनी आपल्या ताटातला काटा आणि चमचा नीट शेजारी शेजारी ठेवला. "हे काय मला जमायचं नाय. हात धुऊन येते, हातानं खाते." गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय सरकत होते म्हणून मी बेसिनपर्यंत सोबत गेलो. परत आलो तर त्यांच्या जागी ताट नव्हतं. मधल्या बशाही नव्हत्या. टेबल पुसून लख्ख केलेलं.

मित्र फोनवर बोलायला बाहेर गेला होता. मैत्रीण मोबाइलमध्ये फोटो बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "अरे, मला वाटलं फक्त रिकाम्या बशा नेतोय."

मी मॅनेजरला बोलावलं. त्याने शांतपणे समजावलं की काटा-चमचा असा शेजारी ठेवला म्हणजे जेवण झालं, असं स्टाफला शिकवलेलं असतं.

"ताट भरलेलं होतं," मी म्हणालो. "तुमच्या माणसाला डोळे आहेत ना?"

"सॉरी सर. पण उचललेलं अन्न आम्ही परत देत नाही."

"मग दुसरं आणा."

"सर, या स्लॉटच्या ऑर्डर बंद झाल्यात. दीडचे गेस्ट आलेत. मी मॅमना आइस्क्रीम देतो, आमच्याकडून."

साठी उलटलेली बाई उपाशी बसली आहे आणि हा माणूस तिला आइस्क्रीम देतो! मी म्हणालो, यांचं जेवण झाल्याशिवाय आम्ही उठणार नाही. माझा आवाज चढला असेल. तेवढ्यात मित्र आत आला आणि माझाच दंड धरून कुजबुजला, "लोक बघतायत. बाहेर कुठेतरी खाऊ ना, तमाशा कशाला?"

"तमाशा मी करतोय?"

मैत्रीण मित्राला म्हणाली, "हा बरोबर बोलतोय. बसू आपण."

आणि मग मावशीच उठल्या. दाराकडे बोट करून म्हणाल्या, "माणसं उभी हायेत रे. मी पण उठवायचे की तुम्हाला, दुसरी पंगत खोळंबली की."

"ताटात अन्न असताना कधी उठवलंत?"

मावशींनी पदर खांद्यावरून घेतला आणि चालू लागल्या. मला त्यांचाही राग आला, हे खरं आहे. त्या उठल्या नसत्या तर मी त्या मॅनेजरला स्वयंपाकघरात धाडलं असतं.

गाडीत बसलो. दुसऱ्या हॉटेलात यायला मावशींनी साफ नकार दिला. मखमलाबाद नाक्याला त्यांच्या घरी पोचलो. त्या सरळ गॅसकडे निघाल्या, तर मी आडवा उभा राहिलो. "बसा. आज तुम्ही उठायचं नाही." मी भात लावला. मैत्रिणीने कांदा चिरला. मित्राने, बहुधा शरमेने, पिठल्याचं पीठ कालवायला घेतलं.

"साहेब, गुठळ्या मोडा," खुर्चीवरून मावशी ओरडल्या. "धरण बांधताय काय?"

त्या तीनदा उठल्या. तीनदा मी त्यांना बसवलं. शेवटी ताट समोर ठेवलं, तेव्हा त्या आमच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही?"

"तुमचं होऊ द्या," मैत्रीण म्हणाली.

त्या जेवायला लागल्या. भराभर, भुकेल्या माणसासारख्या. त्याच वेळी मित्राचा फोन वाजला. हॉटेलचा मेसेज होता, आमच्याकडचा अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल. मी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि उभ्याउभ्या लिहायला लागलो. पहिलंच वाक्य चांगलं लांबलचक झालं होतं.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "ते मागनं लिही. भात वाढ."