पितळी अक्षरांची पारख

चुका काढणं हा माझा जुना रोग. कॉलेजात इतिहास शिकवला आणि सोबत छात्रसेनेचा अधिकारी म्हणून वर्षानुवर्षं पोरांचे पट्टे, बूट, टोप्या तपासल्या. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या खांद्यावर जाते. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही.

गेल्या वर्षी कॉलेजनं जुन्या बिल्ल्यांचं प्रदर्शन भरवलं आणि मला बोलावलं. इंग्रजांच्या काळात कॉलेजच्या पोरांना लष्करी अधिकाऱ्याचं शिक्षण देणारी पलटण असे, तिथपासूनचा माल माझ्याकडे होता: टोपीवरची चिन्हं, लोकरी तुरे, खांद्यावर लावायची पितळी अक्षरं. चीनच्या युद्धानंतर कॉलेजात कवायत सक्तीची झाली, त्या वर्षांचं मात्र काहीच नव्हतं. नेमकी त्याच वर्षांची अक्षरं घेऊन जवळच्या होटगी गावचे एक म्हातारे काका आले. बरोबर त्यांचा मुलगा आणि नात.

नात आमच्याच कॉलेजात कॅडेट, गणवेशातच आलेली. वडील तिला छात्रसेनेत घालायला तयार नव्हते. आजोबांनी सांगितलं, मी स्वतः याच मैदानावर कवायत केलीय, तेव्हा कुठं ते हो म्हणाले. हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं. तिला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. त्यासाठीच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर पुढच्या महिन्यातलं शिबिर करणं भाग होतं.

काकांनी रुमालाची गाठ सोडली. अक्षरं लखलखत होती. ती कशी घासायची तेही त्यांनी सांगितलं. चिंच आणि राख घ्यायची, आणि कापडाला डाग पडू नये म्हणून अक्षरांखाली मधोमध चीर पाडलेला पुठ्ठा सरकवायचा. मी खूश झालो. कार्डावर माहिती लिहायला पेन काढलं आणि त्यांचा कॅडेट नंबर विचारला.

काकांनी नंबर सांगायचा सोडून रुमालाची घडी घालायला घेतली. माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण हा नंबर विसरत नाही. मला सगळं तिथंच कळलं होतं. कळूनही मी थांबलो नाही, हेच मला अजून खातं. प्रिन्सिपॉल शेजारी उभे होते, त्यांना आपली पारख दाखवायची हुक्की आली. तुकडी कुठली, साल कुठलं, परेड कोण घ्यायचं, असं विचारत गेलो आणि शेवटी सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, तुम्ही कॅडेट नव्हताच."

"न्हाय," ते म्हणाले. "स्टोअरला होतो. पोरांची पितळं घासायचो."

मुलानं बापाकडे पाहिलं. नातीनं टोपी काढून हातात घेतली. तिघं गेले ते अक्षरं टेबलावरच विसरून, आणि ती द्यायला त्यांच्यामागं जायचंही मला सुचलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा दुसऱ्याचं उभं पीक तुडवून आला.

शिबिराची यादी लागली तेव्हा त्या मुलीच्या नावावर काट होती. वडिलांनी कॉलेजात कळवलं होतं की घरात खोटं बोलून घेतलेली परवानगी आम्ही मागं घेतली. काका बोलले ते खोटंच होतं की, माझं काय चुकलं, असं मी स्वतःला आठ दिवस समजावत राहिलो. नवव्या दिवशी राहवेना. सात रस्ता चौकातून रिक्षा केली आणि होटगी गाठली.

घरात पाऊल ठेवताच सांगून टाकलं की जुनं रजिस्टर सापडलंय, त्यात काकांचं नाव नंबरासकट आहे, चूक माझीच होती. नंबर बनवून चिठ्ठीवर लिहून नेला होता. जन्मात पहिल्यांदा मी खोटा कागद केला. मुलानं चिठ्ठी वाचून बापाच्या हातात दिली. काकांनी चष्मा लावून ती पाहिली, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली.

"सर, मी खोटं बोललो ते पोरीसाटी," ते म्हणाले. "तुमी कुणासाटी बोलताय?"

नात आतल्या दाराशी उभी होती. तिच्यासाठीच, असं मी म्हणणार होतो. पण शिबिराची गाडी त्याच दिवशी सकाळी सुटून गेली होती, आणि ते त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.