दोघांत एक दांडा

बोटांनी लोखंडावर तीनदा टकटक करायची आणि विचारायचं, "हलता काय?" आपण "नाही" म्हटलं तरी स्वतः हलवून बघायचं. ही ज्यांची सवय, त्यांना साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात सगळे काका म्हणत. अम्यूझमेंट पार्कातल्या राईड्सच्या खुर्च्या आणि माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून मांडीवर आवळला जाणारा दांडा, हे आमचं काम. मी ड्रॉइंग काढायची, काका तयार खुर्ची तपासून सही करायचे.

तपासायला वाळूच्या गोण्या होत्या, मापं घ्यायची यंत्रं होती, पण काकांचा खरा भरवसा स्वतःच्या पोटावर. पोट चांगलं ऐसपैस. खुर्चीत बसायचे, दांडा ओढायचे आणि तो पोटावर खट्कन बसला की म्हणायचे, "झकास! आता देव इलो तरी उठवूचो नाय."

माझ्या कंप्युटरवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "काय गो, तुझ्या त्या खोक्यात माणूस बसता काय?" मी चिडायची. मग दुपारी त्यांच्या डब्यातला तळलेला बांगडा माझ्या ताटलीत यायचा आणि भांडण मिटायचं. अशा माणसावर फार वेळ रागावता येत नाही, तुम्हालाही अनुभव असेल.

मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. दोघांनी शेजारी बसायची एक झुलती राईड होती. वजन वाचावं म्हणून मी दोन दांड्यांऐवजी दोघांत मिळून एकच काढला. माझी अतिहुशारी! काका एकटेच बसले, पोटावर खट्, सही झाली.

आमच्याकडे रीत अशी की राईड पार्कात उभी राहिली की नारळ फोडायचा आणि पहिली फेरी कारखान्यातल्यांच्या घरच्यांनी मारायची. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काकू नवी साडी नेसून आल्या. अंगाने अगदी काडी. काकांशेजारी ऐटीत बसल्या. दांडा खाली आला आणि काकांच्या पोटावर अडकला. काकूंच्या मांडीपासून तो वीतभर वर होता.

"थांबवा!" काका असे ओरडले की बटणाजवळचा माणूस दोन पावलं मागे सरला. काकांनी त्या मोकळ्या जागेत हात घालून बघितला. सहज फिरला. राईड सुरू झाली असती तर काकू राहिल्या नसत्या. हे ना मला सुचलं होतं, ना त्यांना.

आमच्या कारखान्याचे शेठ तरातरा आले. "काका, उद्या ओपनिंग आहे! वाट लावताय माझी!"

"लागांदे. उद्या हेच्यात कोण बसूचो नाय."

"दोघांत एक दांडा, हे डोकं कुणाचं?"

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माझा. मीच तिका सांगितलंय."

धडधडीत खोटं. आणि मी गप्प बसले. नोकरी जाईल अशी भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

उद्घाटन पुढे गेलं, प्रत्येकाला वेगळा दांडा बसला. काकांचा सहीचा अधिकार मात्र काढून घेतला. मी माफी मागायला गेले तर पोटावर थाप मारून म्हणाले, "सही गेली, पोट आसा मा?" निवृत्त होईपर्यंत ते बिनसहीचेच राहिले. शेठना मी खरं कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी काका गेले. महिन्याभरापूर्वी मी त्या पार्कात गेले, त्याच राईडमध्ये बसले. पुढच्या खुर्चीत एक धिप्पाड बाई आणि तिची बारकीशी मुलगी. ऑपरेटरने आधी आईचा दांडा बसवला, मग मुलीचा खाली ओढला.

"दादा, फार घट्ट होतंय!" मुलगी कुरकुरली.

मला एकदम रडूच आलं. तेवढ्यात राईड सुटली, सगळे किंचाळायला लागले आणि त्या गलक्यात मीही जीव खाऊन ओरडले, "काका, डोकं माझं होतं!"