बंद कार्यालयातला फोन

भर दुपारी आमदारांच्या संपर्क कार्यालयाला कुलूप होतं आणि आत फोन वाजत होता. दाराशी एक बाई मोबाइल कानाला लावून उभ्या होत्या.

"मीच लावतेय," त्या म्हणाल्या. "आमच्या गावचा पूल खालून पोखरलाय. पोरं त्यावरूनच शाळेत जातात."

"पण आत कुणी नाही ना?"

"नसू दे. वाजलेलं ऐकू तरी येतं. तुम्हीही लावा की."

मी काचेतून पाहिलं. टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीवर धूळ साचली होती. कुणीच न ऐकलेलं गाऱ्हाणं जातं तरी कुठे? अशाच बंद खोल्यांत साठत राहत असेल का?

बाईंनी फोन ठेवल्यावर मी पाटीवरचा नंबर लावला. आत घंटा सुरू झाली आणि मध्येच थांबली. खुर्ची रिकामीच होती, रिसीव्हरही जागेवर होता. माझ्या कानात मात्र कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

मी मोबाइल कानापासून दूर करू लागलो. बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"ठेवू नका," त्या कुजबुजल्या. "बोला."

कोण ऐकतंय ते न विचारता मी पुलाबद्दल सांगू लागलो.