टाकीखालचं माहेर

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी उठून चहा सांगायचो. आता पंचाहत्तरी उलटली. जे झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

ती आली की आधी माझ्या काउंटरपाशी यायची. बोटातली तांब्याची अंगठी ओढून काढायची आणि माझ्यापुढे ठेवायची. "अण्णा, संबाळा वाईच." मग पदर खोचून काचेच्या टाकीखालचं कपाट उघडायची.

गणेशगुडीला राफ्टिंगसाठी येणाऱ्यांचं ते लॉज. मी तिथला मॅनेजर. मालकांची हौस दांडगी. समुद्र राहिला घाटाखाली आणि यांनी रानात, जेवणाच्या हॉलमध्ये, खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. त्यात जिवंत प्रवाळ, कोळंब्या, रंगीत मासे. ही बाई बाजारकुणंगची, मुळात भाजी चिरायला आलेली. टाकी बसवणाऱ्या गोव्याच्या माणसानं सगळं समजावलं तेव्हा आम्ही जांभया दिल्या, तिनं प्रश्न विचारून त्याला भंडावलं. टाकी तिच्याकडे गेली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही.

खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी होती. तिच्यात हिरव्या शेवाळाचा गुंता आणि त्या गुंत्यात डोळे ताणले तरच दिसतील असे किडे. शेवाळ पाण्यातली घाण शोषायचं. मासे नसल्यामुळे किडे तिथं निर्धास्त वाढायचे, आणि पंपाच्या पाण्याबरोबर थोडे थोडे वर जाऊन माशांच्या तोंडी पडायचे. वरचा दिवा मालवला की खालचा लागायचा. शेवाळ दाटलं की अक्का मूठभर उपटायची, पण आधी ते पाण्यात हलकेच झटकून त्यातले किडे परत सोडायची.

"हे त्यास्नी माहेर हाय," ती पाहुण्यांना सांगायची. "हितं कोण खाईत न्हाई. वर गेलं की सासर."

निळ्या-नारिंगी रंगाचा एक मासा फक्त जिवंत किडेच खायचा. त्याचं नाव तिनं जावई ठेवलं होतं. "ह्याला आयतं आणि ताजं पायजे. माझा खरा जावई परवडला, शिळी भाकरी तरी खातोय."

एकदा मी अंगठीचं विचारलं. ती म्हणाली, "तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी, किडं समदी मरत्यात."

"आम्ही तर मुद्दाम तांब्याचं पाणी पितो."

"तुमी काय किडं हाय का अण्णा?"

त्यावर मी मोठ्यानं हसलो होतो.

पुढे ती भाचीच्या लग्नाला रामनगरला गेली. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जायचं, तेवढी भर घालावी लागे. त्यासाठी ती फिल्टरच्या पाण्याचे कॅन भरून ठेवून गेली होती. नेमकी सुट्ट्यांची गर्दी झाली, प्यायचं पाणी कमी पडलं. मी ते कॅन स्वयंपाकघरात पाठवले. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी तांब्याचा हंडा असे, रोज चिंचेनं घासून रात्रभर भरून ठेवलेला. टाकीची पातळी उतरलेली दिसली तेव्हा मी त्यातलंच पाणी ओतलं. अक्काचं बोलणं विसरलो होतो असं नाही. मला ते तिचं सोवळं वाटलं होतं. माणसाला जे चांगलं, ते माशाला काय करणार? ती येईपर्यंत रोज तेच केलं.

ती आली तेव्हा प्रवाळ मिटले होते, कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. बॅटरी घेऊन ती खालच्या कपाटापुढे बराच वेळ बसली. "माहेर बुडालं, अण्णा," एवढंच म्हणाली.

गोव्याचा माणूस आला, त्यानं पाणी तपासलं. पाण्यात तांबं निघालं. मालकांचं लक्ष अक्काच्या बोटाकडे गेलं.

तिला हसूच आलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, सांगा की. ही तुमच्याकडं दिल्याबिगर पाण्यात हात घातलाय का मी कधी?"

निवृत्तीनंतरही ठेवून घेतो, असं मालकांनी मला नुकतंच कबूल केलं होतं. मी म्हणालो, "मी काय रोज बघत बसतो होय?"

ती ओरडली नाही. रिकामे कॅन स्वयंपाकघराच्या दारातच होते. तिनं ते पाहिले, मग हंडा पाहिला, मग मला. सगळं तिला कळलं, हे मला त्याच क्षणी कळलं. "बरं," ती म्हणाली. मालकांनी दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. किडेच उरले नाहीत म्हटल्यावर जावई झुरत झुरत गेला. लॉजवरची पोरं तिला कोळंबीमारी अक्का म्हणायला लागली. मी त्यांना कधी दटावलं नाही.

नोकरी सुटल्यावर एकदा बाजारकुणंगला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये घोकत होतो. तिनं अंगणात खुर्ची मांडली, चहा दिला.

"साखर बरी हाय न्हवं, साहेब?"

आजवर तिनं मला साहेब म्हटलं नव्हतं. मी बरी आहे म्हणालो, आणि भात कसं आलंय ते विचारलं. तिनं सांगितलं, गवे शिरले, निम्मं तुडवलं. मी हळहळलो. मग ती म्हणाली, "बस सुटंल, साहेब." मी उठलो.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. मला बऱ्याच उशिरा कळलं. बसमध्ये घोकलेलं फार मोठं नव्हतं. अक्का, पाणी मी घातलं होतं. मला माफ कर.