मुठीवर बांधलेली चिंधी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलाला नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं — तिलाही नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहतो सुरतेत, नवागामला. मी बावीस वर्षं लूमवर काढली. कारखाना बंद झाला, तेव्हा मी आणि माझी बायको सुनंदा, दोघांनी मिळून सोसायट्यांच्या बागा राखायला घेतल्या. मेंदीची कुंपणं हातकात्रीनं छाटून तिचे खांदे भरून यायचे. म्हणून बॅटरीवर चालणारं छाटणीचं मशीन घ्यायचं ठरलं.

दुकानात मी सगळ्यांत लांब पात्याला हात घातला. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "इतलं लांब कसाले? चलथाणले ऊस तोडाले जावानं शे का?" दुकानदारही हसला. तिनं एकेक मशीन उचलून, हात लांब करून, बराच वेळ धरून पाहिलं आणि हलकं निवडलं. त्याला दोन मुठी होत्या, दोन्हींना खटके. दोन्ही दाबून धरले तरच पातं चालणार, एक हात सुटला की थांबणार. हे ऐकून तिचा चेहरा खुलला — तो अजून डोळ्यांपुढे आहे.

वर्षभर तिनं ते माझ्यापेक्षा चांगलं चालवलं. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पदर कमरेला घट्ट खोचलेला. वेल आड आली की डावा हात सोडायचा, पातं थांबायचं, वेल बाजूला करायची. हात आपोआप चालायचा तिचा.

आता माझ्याबद्दल. लूमवर धागा तुटला की यंत्र आपोआप थांबतं. आणि सारखं थांबलं तर कापड निघायचं कसं? म्हणून आम्ही सगळेच यंत्र थांबवणारा खटका चिंधीनं बांधून टाकायचो. देखरेखीवरचा मास्तर बघून न बघितल्यासारखं करायचा. बावीस वर्षं हेच केलेल्या माणसाला आपणहून थांबणारं यंत्र काय वाटणार? अडेलच वाटणार. कळतंय ना तुम्हाला, मी कुठे येतोय?

त्या सकाळी मशीन दोन हातांनी धरून भिंतीपलीकडच्या मेंदीपर्यंत पोचता येत नव्हतं. मी पुढच्या, डाव्या हाताच्या मुठीचा खटका चिंधीनं आवळून बांधला. काळी मूठ, काळी चिंधी. एका हातानं काम भागलं. तेवढ्यात सेक्रेटरीनं गळका नळ दाखवायला हाक मारली. मशीन गवतावर ठेवून मी गेलो. चिंधी सोडली नाही — आणि तिला सांगितलंही नाही.

उरलेलं कुंपण उरकावं म्हणून तिनं मशीन उचललं. गुळवेल आड आली. तिनं डावा हात सोडला आणि पुढे नेला, रोजच्यासारखा.

तिची किंकाळी ऐकून मी धावलो. आणि हे लिहिताना हात अडतोय, पण लिहितो — माझा हात आधी तिच्या हाताकडे गेला नाही. चिंधीकडे गेला. ती सोडून खिशात कोंबली, मग बायकोला धरलं.

मधल्या दोन बोटांची पेरं गेली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "बॅटरी काढायची विसरली. कितीदा सांगितलंय हिला." पात्याजवळ हात नेण्याआधी बॅटरी काढायला हवी होती, हे खरंच आहे, मशीनच्या पुस्तकातही तसंच लिहिलंय. त्या अर्ध्या सत्याआड मी लपलो. ती तपासणीच्या टेबलावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "हां, मन्हीच चूक शे." वर मलाच विचारलं, घाबरलात का म्हणून.

तेव्हा सांगता आलं असतं. रिक्षात आलं असतं. टाके काढले त्या दिवशी आलं असतं. मी काय केलं? तिची वेणी घालायला शिकलो. भाकरी थापायला शिकलो. अख्ख्या गल्लीनं माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

मशीनला तिनं पुन्हा हात लावला नाही. कामावर नवी बाई आली की ही तिला बोटं दाखवते आणि हसून सांगते, "माझ्यासारखा वेंधळेपणा करू नको, बाई." मी शेजारी उभा असतो. मान डोलावतो.

गेल्या महिन्यात मुलगा तान्ह्या नातीला घेऊन आला. सुनंदा आधी खाली बसली, भिंतीला पाठ टेकली, मांडी नीट केली आणि मग म्हणाली, "आते दे. मन्हा हातना भरोसा नही." मी बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं. ती एका हातानं नातीला थोपटत होती, आणि दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं — बाळ घसरलंच तर मी जवळ असावं म्हणून.

सुनंदा वेंधळी नव्हती. तिनं हात सोडला होता. पातं थांबायला हवं होतं. ते थांबू नये, अशी सोय मी केली होती.